बोलायचा तास

गारा पडल्या त्याच संध्याकाळी मुकादम म्हणाला होता, "यंदा अर्ध्या शिड्या गोदामात जाणार." शिडी गोदामात म्हणजे जोडी घरी, हे बागेत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. इथे माणसं एकेकटी मोजत नसत. एका शिडीला एक जोडी. एकानं वर चढायचं, गळ्यात पोटपिशवी अडकवून सफरचंदं देठासकट तोडायची. दुसऱ्यानं शिडी धरायची, खालच्या फांद्या उरकायच्या आणि भरलेली पिशवी क्रेटमध्ये अलगद मोकळी करायची. वर नवरा, खाली बायको. असंच चालत आलेलं होतं आणि मुकादमाला लांबून बघताना तसंच दिसायला हवं असे.

डोंगरापलीकडून दर हंगामाला येणाऱ्या टोळीत वहिनी आणि दादा ही जोडी जुनी. ती खरं तर एकट्या नणंदेची वहिनी, पण टोळीतली म्हातारी माणसंसुद्धा तिला वहिनीच म्हणत आणि तिच्या नवऱ्याला दादा. नणंद, म्हणजे धाकटी, शेडमध्ये फळं निवडायला बसे. तिघांना मिळून एक खोली होती. वर पत्रा, कोपऱ्यात लोखंडी चूल, एकच खिडकी आणि तिलाही काचेऐवजी पुठ्ठा. मालक या खोलीला 'सोय' म्हणत. हंगाम संपेपर्यंत टिकलेल्या जोड्यांना हिवाळाभर झाडं छाटायचं काम मिळे आणि सोय चालू राही. बाकीच्यांनी डोंगरापलीकडे चालतं व्हायचं. तिकडे काय होतं? काही असतं तर इकडे कशाला कडमडले असते?

आणि नेमका याच वर्षी दादाचा खांदा गेला.

गारांच्या पाण्यानं जमीन भुसभुशीत झाली होती. शिडीचा एक पाय खचला, शिडी एकीकडे कलंडली आणि दादा उजव्या हातानं फांदीला लोंबकळत राहिला. पडला असता तर बरं झालं असतं, असं वहिनी नंतर चिडून म्हणे. पाय मुरगळला असता, आठवड्यात चालता झाला असता. पण पिशवीतली फळं आपटून डागी होतील म्हणून हा भला माणूस फांदी सोडेना. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. फळं मात्र शाबूत राहिली. त्या दिवसापासून दादाचा उजवा हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरकडे जायचं तर मुकादमाला सांगून जायचं आणि मुकादमाला सांगायचं म्हणजे आपल्या हातानं शिडी गोदामात नेऊन ठेवायची. वहिनीनं तेल कोमट केलं, खांदा चोळला, जुन्या चादरीची पट्टी करून आवळून बांधली.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"छे," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता.

दुसऱ्या दिवसापासून दादाचा तपकिरी कोट आणि कानटोपी घालून वहिनी शिडीवर चढू लागली. वर दव साचून पायऱ्या निसरड्या झालेल्या असत. बोटं इतकी बधिर होत की देठ हातात आहे की नुसती हवा, ते कळायचं नाही. भरलेली पिशवी पोटावर घेऊन उलट्या पावलांनी उतरताना ती प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपून बघे. आणि खाली दादा उभा असे, तिची राखी शाल डोक्यावरून घेऊन, मुकादमाच्या वाटेकडे पाठ करून. सकाळच्या धुक्यात ते खपून जाई. धुकं विरलं की मात्र जीव मुठीत धरूनच काम.

धाकटीला या सोंगाचं पहिल्या दिवशी हसू आवरलं नाही. क्रेट न्यायला आली आणि म्हणाली, "दादा, शाल शोभते हं तुला. कुणी मागणी घालेल."

"गप बस," दादा म्हणाला.

"लाजलास बघ."

तो खरंच लाजला होता, पण ती लाज वेगळी होती. वहिनीनं वरून पाहिलं आणि नणंदेला डोळ्यांनीच दटावलं. नवऱ्याला बायकोच्या पदराआड लपावं लागतंय, यात हसण्यासारखं काय आहे हे तिला कळेना. त्या रात्री दादा जेवताना डाव्या हातानं घास घेत होता आणि ती दुसरीकडे बघत होती.

अशातच शाळेचं निघालं. गावच्या शाळेत तिकडची, म्हणजे डोंगरापलीकडची भाषा शिकवत. परीक्षेला विषय होता. शिकवणारे भाषेचे मास्तर सज्जन गृहस्थ. पण त्यांनी स्वतः ती भाषा पुस्तकातून आणि ध्वनिफितीवरून उचललेली. वरून फर्मान आलं की मुलांना नुसतं घोकायला लावू नका, ज्यांची ती मायबोली आहे त्यांच्याशी बोलायला बसवा. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि मग हर्षभरित होऊन मालकांकडे धावले. "अहो, तुमच्या बागेत तर ही भाषा झाडाला लागलीय!" मालक शाळेच्या समितीवर होते, आणि त्यांची मुलगी त्याच वर्गात होती. त्यांनी मुकादमाला सांगितलं, जरा बरी बोलणारी एखादी बाई दे, आठवड्यातून दोन दुपारी, तासभर.

मुकादम रांगेतून आला तेव्हा वहिनी वर होती, कोटात. ती पानांच्या आड सरकली. मुकादमाला त्यांच्या भाषेतले मोजके शब्द येत आणि तेही सगळे हुकमाचे. म्हणून तो इकडच्या भाषेतच, पण बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोले.

"वहिनी!" तो शालीला म्हणाला. "शाळेत जायचं. मंगळवार, शुक्रवार. पोरांशी बोलायचं. कळलं?"

शाल क्रेटवर वाकलेली होती. ती तशीच वाकून राहिली.

"अगं, कळलं का? नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण. मालकांचं काम आहे."

मुकादम एक पाऊल पुढे आला. तोंडावर म्हणायचं तर तोंड दाखवायला लागलं असतं. शालीनं घाईघाईनं मान डोलावली.

"झालं तर," मुकादम म्हणाला आणि वर कोटाकडे बघून ओरडला, "दादा, बायको मास्तरीण झाली तुझी! पेढे दे!"

तो गेल्यावर वहिनी उतरली.

"हो कशाला म्हणालात?"

"मग काय करू? पुढं येत होता तो."

"तासभर मी नसले तर शिडीवर कोण चढणार?"

दादानं शाल काढून खांद्यावर टाकली. दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. "बघू काहीतरी," तो म्हणाला. म्हणजे त्याला काहीच सुचत नव्हतं.

शेवटी ते धाकटीवर आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती शेडमध्ये पोट दुखतंय म्हणून सांगे, मागच्या बांधावरून रांगेत येई आणि भावाचा कोट चढवून वर जाई. वहिनी शाळेत आहे हे मुकादमाला ठाऊक, म्हणून त्या तासापुरता दादा क्रेटच्या थप्पीमागे लपून बसे. तिला उंचीची भीती वाटायची. डोळे मिटून फळ तोडते, असं ती स्वतःच सांगे. शेडमधल्या बायका तिच्या पोटदुखीबद्दल भलतंसलतं कुजबुजायला लागल्या. तेही तिनं गिळलं.

शाळेची खोली उबदार होती. भिंतीवर फळांचे, वाहनांचे, शरीराच्या अवयवांचे तक्ते होते. आसपासच्या बागांतून आणखी दोघीतिघी आल्या होत्या. सगळ्या लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. वहिनीनं हात घासघासून धुतले होते, तरी सालीचा काळा डाग बोटांतून गेला नव्हता. म्हणून तिनं हात मांडीखाली घेतले. मास्तरांनी तिकडच्या भाषेत छोटंसं भाषण केलं. शब्द सगळे बरोबर होते, पण असं कुणी बोलत असेल असं तिला वाटलं नाही. मग ते म्हणाले, "मुलांच्या चुका लगेच सुधारा. इकडच्या भाषेत बोलू नका. आणि पुस्तकातलंच नको हं, आपलं घरचं बोला, कामाचं बोला. खरं बोललं की भाषा येते."

वहिनीच्या वाट्याला मालकांचीच मुलगी आली. बागेत सगळे तिला छोट्या बाई म्हणत. दोन घट्ट वेण्या, स्वच्छ नखं आणि शिकायची खरोखरची हौस. पुस्तक उघडून ती एकेक अक्षर लावत म्हणाली, "तुमच्या शहरात, संग्रहालय, आहे का?"

वहिनीच्या गावात पिठाची गिरणीसुद्धा नव्हती. "आहे," ती म्हणाली.

"तुम्हाला, पोहायला, आवडतं का?"

"आवडतं."

"तुमचे यजमान, काय करतात?"

"काम करतात."

"पूर्ण वाक्यात सांगा बरं का, ताई," मागून जाता जाता मास्तर म्हणाले.

"माझे यजमान बागेत काम करतात. त्यांची तब्येत उत्तम आहे," वहिनी म्हणाली. आणि मनात म्हणाली, गेलं ते संग्रहालय खड्ड्यात, तिकडे पोरगी डोळे मिटून शिडीवर उभी आहे.

पहिले काही तास असेच गेले. मुलीला वाचता येई, पण कानाला काही कळत नसे. वहिनी जरा भरभर बोलली की ती समजल्यासारखी मान हलवी आणि "हो, हो, छान" म्हणे. एका मंगळवारी सकाळी वहिनीचा पाय घसरला होता. पायरीवर नडगी सोलवटून निघाली होती, आणि रक्त मोज्यात मुरून वाळलं होतं. त्यात दादा तिच्यावर ओरडला होता, कारण तो घाबरला होता. ती शाळेत आली, खुर्चीत बसली, आणि मुलीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

इकडे आल्यापासून तिच्या भाषेत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. टोळीत कोण कुणाला विचारतं? आणि दादाला सांगण्यात अर्थ नव्हता. तिच्या पोटात इतके दिवस साठलेलं वर आलं.

"कशी असणार?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा खांदा गेलाय, बाई. हात वर जात नाही त्यांचा. त्यांचा कोट घालून मी चढते. माझी शाल घेऊन ते खाली लपतात. चढताना मला रोज वाटतं, आज पडणार. आणि पडायची भीती नाही वाटत, तुमच्या वडलांना कळेल याची वाटते."

मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. "हो, हो," ती म्हणाली. "छान."

वहिनीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. भिंतीशी बोलावं तसं होतं हे. भिंत स्वच्छ, गोड, दोन वेण्यांची. चूल पेटून खोलीत ऊब यावी तसं तिला आतून बरं वाटलं. त्या दिवसापासून ती मंगळवार-शुक्रवारची वाट बघू लागली.

ती बोलत गेली आणि मुलीच्या चुका सुधारत गेली, कारण ते काम होतं आणि काम नीट करायची तिला खोडच होती. 'खांदा' म्हणताना मुलगी तक्त्यावर बोट ठेवी, मग स्वतःच्या खांद्यावर. 'दुखतो' म्हणताना तोंड वाकडं करून दाखवी. वहिनी म्हणे, "असं नाही, असं म्हणा." मुलगी तसं म्हणे, पुन्हा म्हणे, बरोबर येईपर्यंत म्हणे. घरी जाऊन आरशासमोर घोके. आणि आपण जे रोज थोडं थोडं शिकवतोय ते हिला येतही असेल, हे वहिनीच्या एकदाही मनात आलं नाही. कळत नाही म्हणून जिच्याजवळ मन मोकळं केलं, तिला कळावं म्हणून आपणच जिवाचं रान करतोय, हे तिला दिसायला हवं होतं. पण सुख लागलं की माणूस आंधळा होतो, आणि तिला जन्मात एवढंसं सुख लागलं होतं.

बागेत पहिल्या जोड्या गेल्या. मुकादम रांगेत उभा राहून नुसतं बोट दाखवी आणि त्या जोडीचा नवरा मुकाट्यानं शिडी मिटवी. शेजारच्या खोलीतली बाई जाताना आपली अर्धी भरलेली मिठाची बरणी वहिनीला देऊन गेली आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे, शाळेमुळे तुम्हाला हात लावायचे नाहीत." वहिनीनं बरणी घेतली. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. दादाचा हात आता छातीच्या वर, हनुवटीपर्यंत येत होता. रोज सकाळी तो भिंतीपाशी उभा राहून बोटं चालवत हात वर नेई आणि जिथे पोचला तिथे कोळशानं खूण करी. हंगाम संपेपर्यंत कपाळापर्यंत जाईल, छाटणीला चालेल, असा हिशेब त्यानं मांडला होता. छाटणी लांब दांड्याच्या कात्रीनं करायची असते.

मग शाळेचा कार्यक्रम आला. पालकांना बोलावलं होतं आणि जिल्ह्याहून एक पाहुणे आले होते. पहिल्या रांगेत मालक, मालकीणबाई. बाजूला मुकादम, केसांना पाणी लावून. वहिनीनं धाकटीचा धुतलेला स्वेटर घातला होता. मंचावर दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या, मोठ्या माणसांच्या, त्यामुळे तिला बरं वाटलं. पालकांना ती भाषा कळत नव्हती, म्हणून मास्तर माइकवरून वाक्यागणिक अर्थ सांगणार होते.

एका मुलानं बाजारहाटाचा संवाद घडाघडा म्हटला. पाहुणे हसून म्हणाले, "पाठ केलंय लेकानं. हे नको. मोकळं बोलतात का ते बघू या."

मास्तरांचा चेहरा उतरला. पण त्यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं. त्यांनी मालकांच्या मुलीला पुढे केलं. "बाळ, पुस्तक बाजूला ठेव. तासाला बोलता तसं बोला."

मुलगी वहिनीसमोर बसली. घाबरली होती, वेणीचं टोक हातात धरलं होतं. मग तिला आपल्याला सगळ्यांत चांगलं काय येतं ते आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. स्पष्ट, सुरेख, अगदी तिकडच्या हेलात तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या यजमानांचा खांदा आता कसा आहे?"

वहिनीनं आधी मुकादमाकडे पाहिलं.

"ती विचारते आहे," मास्तर कौतुकानं माइकवर म्हणाले, "तुमच्या यजमानांचा खांदा आता कसा आहे."

"चांगला आहे," वहिनी पटकन म्हणाली. "खांद्याला काही झालेलं नाही. तुम्ही पोहायचं विचारा ना. संग्रहालयाचं विचारा."

मुलीला वाटलं, आपलाच उच्चार चुकला असणार. मावशींना नीट कळलेलं नाही. तिनं मावशींनीच शिकवल्याप्रमाणे सावकाश, वाक्य सुटं करून पुन्हा सांगितलं. "तुम्ही म्हणालात, ते फांदीला लोंबकळले. तेव्हापासून त्यांचा उजवा हात वर जात नाही. त्यांचा कोट घालून तुम्ही शिडीवर चढता. ते तुमची शाल घेऊन खाली लपतात." आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून, तोंड वाकडं करून तिनं तो कसा दुखतो तेही दाखवलं.

मास्तर एकेक वाक्य उलगडत गेले. शेवटच्या वाक्याला त्यांची जीभ जराशी अडखळली. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं. पण पाहुणे कान देऊन बसले होते. मास्तरांनी तेही वाक्य सांगितलं. अर्थ अगदी अचूक सांगितला.

टाळ्या पडल्या. शाल घेऊन लपणाऱ्या नवऱ्यावर हशाही पिकला. पाहुणे उभे राहिले. "याला म्हणतात भाषा!" ते म्हणाले. मालकही टाळ्या वाजवत होते. बापच तो, त्याला पोरीचं कौतुक वाटणारच. फक्त मुकादम टाळ्या वाजवत नव्हता. तो वहिनीकडे बघत होता.

त्या संध्याकाळी खोलीत वहिनीनं सगळं सांगितलं. दादानं ऐकून घेतलं.

"तू सांगितलंस?" तो एवढंच म्हणाला.

"तिला कळत नव्हतं हो," वहिनी म्हणाली. "आईशप्पथ, तिला काही कळत नव्हतं."

"शिकवायला कोण जात होतं मग?"

धाकटी मध्ये पडली. "दादा, तिला बोलू नकोस. तिच्याशी दुसरं कोण बोलत होतं? तू बोलत होतास?" दादा उठून बाहेर गेला. वहिनी चुलीपुढे रडत बसली. तिला मुलीचा राग येत होता, आणि त्या रागाला धरायला जागा सापडत नव्हती.

सकाळी मालक स्वतः रांगेत आले. मागे मुकादम. आसपासच्या शिड्यांवरचे हात थांबले. दादा आज स्वतःच्या कोटात होता.

"हात वर करा," मालक म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत.

दादानं डावा केला.

"उजवा."

दादानं हात उचलला. छाती, गळा, हनुवटी. त्यानं दात आवळले, अंग वाकडं केलं, टाचा उचलल्या, जसा काही टाचांनी हात वर जाणार होता. बोटं ओठापर्यंत आली आणि तिथेच अडली.

"ते वरचं फळ काढा बघू," मुकादम म्हणाला. कुणीतरी शिडीवरून फिस्सकन हसलं. ते टोळीतलंच होतं; एक जोडी गेली की आपली शिडी आणखी चार दिवस टिकते.

"राहू दे," मालक म्हणाले. "मला सांगितलं असतं तर मी काही राक्षस नव्हतो. उद्या ही बाई वरून पडली असती तर लोकांनी मलाच जबाबदार धरलं असतं. माझ्या बागेतली गोष्ट मला माझ्या पोरीच्या तोंडून कळते, आणि तीही परक्या भाषेत." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, स्वतःबद्दल. "दुपारच्या ट्रकनं जा. मुकादम, शिडी मिटवा."

ते वळले आणि काही आठवल्यासारखे थांबले. "वहिनींनी जायची गरज नाही. पाहुण्यांनी पोरीचं नाव जिल्ह्याच्या स्पर्धेला घेतलंय. या रोज आमच्याकडे येऊन तिच्याशी बोलतील. बाकी वेळ शेडमध्ये नणंदेशेजारी बसतील. खोली असू दे त्यांना."

"आणि हे?" वहिनीनं मोडक्यातोडक्या इकडच्या भाषेत विचारलं. "हे पण खोलीत. काम नको. जेवण माझ्यातलं."

"खोली काम करणाऱ्यांसाठी आहे," मालक म्हणाले. "सगळेच आपली माणसं ठेवून घ्यायला लागले तर मी धर्मशाळा उघडायची का?"

वहिनी बोचकं बांधायला लागली तेव्हा दादानंच तिचा हात धरला. डाव्या हातानं. "तू राहा," तो म्हणाला. "दोघी राहा. तिकडे तिघांनी जाऊन काय खायचं?"

"तुम्ही एकटे काय करणार? कपडे तरी घालता येतात का तुम्हाला?"

"घालीन." मग तिच्या हातातलं बोचकं खाली ठेवत तो म्हणाला, "काल बोललो ते मनात धरू नकोस." तिला तेच सगळ्यांत सोसवलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याला ट्रकवर पोचवायलाही तिला मिळालं नाही. दुपारी तिची वेळ मालकांच्या घरी होती. व्हरांड्यात गादीच्या खुर्च्या होत्या, चहा होता, बाजूला मास्तर वही घेऊन बसले होते. मुलगी धावत आली. तिला बक्षिसाचा बिल्ला मिळाला होता आणि तो तिनं फ्रॉकवर लावला होता.

"मावशी, तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे."

"तुमचे यजमान कसे आहेत?"

"बरे आहेत."

"पूर्ण वाक्यात, ताई," मास्तर हळूच म्हणाले.

"माझे यजमान बरे आहेत."

मुलगी थांबली. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. घरात तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून ट्रक आला. मागे उघड्यावर माणसं बसली होती, कडेला दादा, तपकिरी कोटात, डाव्या हातानं फळी घट्ट धरून. निरोपाला हलवायला दुसरा हात नव्हता. त्यानं व्हरांड्याकडे नुसतं बघितलं. ट्रक वळणावर गेला.

"ते तुमचे यजमान होते!" मुलगी म्हणाली. "कुठे चालले? डॉक्टरकडे? मावशी, मी बाबांना सांगू का, की त्यांचा खांदा फार दुखतो? बाबा ऐकतील माझं."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत खरी माया होती. तिच्या भाषेत, तिच्याच हेलात तिची विचारपूस करणारं हे एवढंच माणूस आता इथे उरलं होतं, धाकटी सोडली तर.

"एक नवीन वाक्य शिक," ती म्हणाली. छोट्या बाईंना तिनं आजवर कधी अगंतुगं केलं नव्हतं. "म्हण, मला काही माहीत नाही."

"मला काही माहीत नाही."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"मला कुणी काही सांगितलं नाही." मुलगी हसली. "हे तर सोपं आहे, मावशी."

"एकही चूक नाही!" मास्तर वहीत लिहून घेत म्हणाले. "उच्चार तर अगदी तिकडचे."

"पुन्हा म्हण," वहिनी म्हणाली.